बीपच्या आधी

ओले टॉवेल हीटरवर टाकू नयेत, असा कागद हीटरच्या वर चिकटवलेला आहे. कागदाच्या खाली, हीटरवर, ओले टॉवेल आहेत.

+

थर्माकोलचं एक डोकं. त्यावर भिजलेली टोपी, समोर टेबलफॅन. डोक्याला कोणीतरी पेनाने भुवया काढल्यात, जरा जास्तच वर. त्यामुळे ते कायम चकित असतं.

+

‘कुठल्या दाराने येऊ? इथे दोन दारं आहेत आणि दोन्ही बंद आहेत.’ ताईचा मेसेज.

+

जुना स्पीकर खरखर करायचा. नवा गुणी आहे. काम नसलं की आपला आपण झोपतो, वीज वाचवतो.

+

“अजून शिकतेच आहेस का गं?” आई. फोनवर. नेहमी.

+

नजर अधिकच्या चिन्हावर ठेवा. हलू नका. बोलू नका. जबडा सैल सोडा. थोडाच वेळ.

+

तर हे सगळे तुकडे एकाच बाईच्या एकाच दुपारचे. दोघी बहिणींत ती धाकटी, म्हणून घरात तिला धाकटी म्हणत. लॅबमध्ये टोपीवाली म्हणत, कारण लोकांच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून मेंदूतल्या विजेची हालचाल टिपणं हे तिचं रोजचं काम. पीएचडी होऊन बरीच वर्षं लोटली होती. त्यानंतर ती पोस्टडॉक. म्हणजे विद्यार्थी नाही आणि प्राध्यापकही नाही. मुदतीवर घेतलेली संशोधक. मुदत संपली की दुसरं गाव, दुसरी लॅब, आणि नव्या घरमालकाला दाखवायला तेच जुनं हसू. हे तिसरं गाव. इथलीही मुदत संपत आली होती. उद्या सकाळी, याच इमारतीत वरच्या मजल्यावर, कायमच्या जागेसाठी तिची मुलाखत होती.

जागा एकच. आणि त्या जागेसाठी धाकटीच्या पदरात दाखवण्यासारखी गोष्टही एकच: चढण.

चढण म्हणजे काय, ते एकदाच सांगतो. लॅबच्या कोपऱ्यात एक छोटी बंद खोली आहे, जाड दाराची. सगळे तिला पेटी म्हणतात. माणसाला टोपी घालून पेटीत बसवायचं. समोर पडद्यावर अधिकचं चिन्ह. कधीतरी बीप वाजते. वाजली की बटण दाबायचं. बस, एवढंच. बीप कधी दोन सेकंदांत येते, कधी खूप वेळ येतच नाही. या थांबण्याच्या वेळांमागे धाकटीने एक गुंतागुंतीची रीत लपवलेली होती. बसणाऱ्याला ती सांगत नसत, आणि नंतर विचारलं तर कोणालाही ती ओळखता आलेली नसे. पण आलेखात काहीतरी होतं. थांबणं लांबलं, की बीपच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी रेघ हळूच वर चढायची. माणसाला पत्ता नाही, पण त्याच्या मेंदूला चाहूल लागलेली. म्हणजे मेंदूने ती रीत माणसाच्या नकळत शिकून घेतलीय, असं धाकटीचं म्हणणं. या म्हणण्यावर एक लेख छापून झाला होता, सरांची दोन भाषणं झाली होती, आणि उद्याच्या सगळ्या स्लाइड उभ्या होत्या.

सर म्हणजे लॅबचे प्रमुख. त्यांचा एक नियम होता: ज्याने प्रयोग मांडला त्याने पेटीत बसायचं नाही. ज्या मेंदूला रीत ठाऊक आहे त्याचा आलेख काय कामाचा? त्यामुळे धाकटीने पेटीत वायरी ओढल्या, खुर्ची पुसली, पडद्यावरची धूळ झटकली, पण दार लावून घेऊन ती कधी आत बसली नव्हती. सुरुवातीला चाचणीसाठी लंबूला बसवलं होतं. लंबू म्हणजे शेजारच्या टेबलावरचा दुसरा पोस्टडॉक. तो तिथे घोरायला लागला. झोपेचा आलेख मात्र फार देखणा आला होता.

+

धाकटीच्या जिवाला सकाळपासून थारा नव्हता. टेबलाखाली गुडघा हलत होता, एकच स्लाइड उघडून मिटून उघडून होत होती. टोप्या धुऊन झाल्या होत्या तरी तिने एक पुन्हा धुतली. खिडकीशी गेली, परत आली. कशासाठी गेली होती ते आठवेना म्हणून पुन्हा गेली. खाली ताई दिसली, दोन बंद दारांच्या मधोमध उभी, वॉचमनला काहीतरी समजावत.

ताई वकील. गप्प बसायचे ती कोर्टात पैसे घेत असावी, कारण बाहेर फुकटात कधी गप्प बसलेली कोणी पाहिली नव्हती. व्हिडिओ कॉलवर धाकटीचे जोडे दिसले, तेव्हाच तिने सुट्टी टाकली होती. ‘या जोड्यांत तुला मुलाखतीला जाऊ देणार नाही,’ असं म्हणाली आणि गाडीत बसली.

“हे डोकं कोणाचं?” आत आल्याआल्या ताईने थर्माकोलकडे बोट केलं.

“टोप्या वाळवायचं आहे.”

“तुझ्यासारखंच दिसतंय. जेवलीस?”

“ताई, जरा इथे बस ना. उद्यासाठी एक फोटो हवाय. टोपी घातलेला माणूस. जुन्या फोटोत लंबू आहे आणि त्याचे डोळे मिटलेत.”

“म्हणजे मला टोपी घालणार तू.”

“हो.”

“निदान सांगून घालतेयस. आमचे अशील तेवढंही करत नाहीत.”

धाकटीने टोपी ताणून बसवली, हनुवटीखाली पट्टा लावला. बोथट सुईच्या सिरिंजने एकेका छिद्रात जेल सोडायला लागली. सुईने केस बाजूला करायचे, हलकेच घोळवायचं, तांबडा दिवा हिरवा होईपर्यंत. जगात एवढी एकच जागा होती जिथे तिचा गुडघा थांबायचा.

“अगं आत्ताच धुतलेत मी केस.”

“नंतर मी धुऊन देते. शाम्पू आहे, टॉवेल आहे.”

“पीएचडी करून लोकांना न्हाऊ घालतेस. आईला सांगितलं नाहीस हे कधी. तिला आवडलं असतं.”

“जबडा सैल सोड.”

“जबडा सैल सोडूनच बोलतेय.”

पेटीत बसवून फोटो काढला. तीनदा काढला, तिन्ही वेळा ताईचं तोंड उघडं. मग ताई म्हणाली, आता एवढं चिकट करून ठेवलंच आहेस डोकं, तर ते काय करता ते दाखव तरी. धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. जोड्यांची दुकानं अजून उघडी असणार होती. दाखवते, म्हणाली.

एरवी पेटीतला माइक बंद ठेवत, कारण त्याची वायर आलेखात गुणगुण आणते. ताईचा आलेख कोणी ठेवणार नव्हतं. धाकटीने माइक चालूच राहू दिला.

+

“इथे कोणी मेलं तर कळतं का तुम्हाला बाहेर?”

“हलू नकोस.”

“तोंड हलतंय फक्त. ए, काहीच होत नाहीये.”

बीप.

“दाबलं. मग? पुढे?”

बीप.

“दाबलं. तुला यासाठी पगार देतात?” मग बराच वेळ काही नाही. धाकटी संगणकावर मेल बघत होती. काही नवं आलेलं नव्हतं, ते ती पुन्हा बघत होती. माइकमधून ताईचा श्वास येत होता. मग ताईचा आवाज: “हं, आली.”

बीप.

धाकटीने मान वर केली नाही. योगायोग. पुढची बीप पटकन आली, तिच्यापुढचीही. मग पुन्हा लांबलचक शांतता, आणि ताई म्हणाली, “आता.”

बीप.

धाकटीचा हात माउसवर होता तो तिथेच राहिला.

“ताई, तुला कसं कळतं?”

“काय कसं कळतं?”

“बीप येणार ते.”

“सांगतं की ते आधी.”

“कोण सांगतं?”

“तुझं यंत्र. टक असं करतं, मग बीप. दर वेळी नाही करत. खूप वेळ गप्प बसलं तरच. मुद्दाम ठेवलंय ना ते?”

+

पाहा, टक म्हणजे काय होतं. स्पीकर वीज वाचवायला झोपायचा. बीप नेमक्या क्षणी वाजावी म्हणून संगणक त्याला अर्धा सेकंद आधी तयार राहायला सांगायचा. ही ओळ प्रोग्रॅममध्ये धाकटीनेच लिहिली होती, आणि अचूकपणा म्हणून लेखात तिचा उल्लेखही अभिमानाने केला होता. थांबणं थोडं असलं तर स्पीकर जागाच असे. थांबणं लांबलं तर तो झोपलेला असे, दचकून उठे, आणि उठताना टक करे. जाड दाराबाहेर ते कधी ऐकू आलं नाही. आणि आत बसलेल्यांना कोणी विचारलं नाही. शेवटी विचारायचे प्रश्न ठरलेले होते: झोप आली का, कंटाळा आला का, काही रीत जाणवली का. टक ही काही रीत नव्हे. लोक समजूतदार होते, त्यांना बोलू नका सांगितलं होतं. ते बोलले नाहीत.

पण हे सगळं तिला सुचलं ते नंतर. त्या वेळी ती फक्त उठली आणि पेटीचं दार उघडून म्हणाली, “तू बाहेर ये. मी बसते.”

“तुला चालतं का बसलेलं?”

“नाही.”

ताई टोपीसकट बाहेर आली. सुटलेल्या वायरींचा झुपका पाठीवर टाकून ती संगणकासमोर बसली, एखाद्या समुद्री प्राण्यासारखी. “काय दाबू?”

“स्पेस.”

“आणि तुला बाहेर काढायला?”

“दार उघड फक्त.”

दार लागलं. धाकटीने पहिल्यांदाच पाहिलं, की पेटीत कान कसे स्वतःलाच ऐकू लागतात. आपलंच रक्त ऐकू येत होतं. मानेला खाज सुटली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. कोणी सांगितलं नव्हतं. अधिकचं चिन्ह बघत राहिलं की हलायला लागतं, हेही कोणी सांगितलं नव्हतं. बीप आली, तिने दाबलं. पुन्हा बीप. टक वगैरे काही नाही. ताईचे कान वाजत असतील, असं मनात आलं आणि छातीतून काहीतरी मोकळं होऊ लागलं.

मग थांबणं लांबलं. रीत तिचीच, आता लांब जाणार हे तिला पाठ होतं. पण प्रोग्रॅममध्ये लिहिलेला आकडा आणि खुर्चीत बसून सोसलेला तोच आकडा यांत किती फरक असतो, हे तिला ठाऊक नव्हतं. लोकांना ती थोडाच वेळ, थोडाच वेळ म्हणत आली होती. कोणीतरी काहीतरी करावं, दार उघडावं, वीज जावी, असं तिला वाटत होतं. जबडा आवळलेला होता. पाय हलत होता, तो तिने हाताने दाबून धरला.

टक.

इतका बारीक, जणू कोणी नखाने काच टिचकावली. आणि तिचं सगळं अंग, मानेपासून बोटांपर्यंत, बीपसाठी सावरून बसलं. चढण. ही ती चढण. आतून अशी वाटते तर.

बीप.

तिने बटण दाबलं नाही.

+

“बहिणीने?” सर म्हणाले.

“हो. मग मी स्वतः बसून बघितलं.”

“तू पेटीत बसलीस?” सरांच्या चेहऱ्यावर आधी नियम मोडल्याचंच वाईट वाटलेलं दिसलं. मग त्यांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. धाकटीची सुट्टी त्यांनी कधी अडवली नव्हती, आणि लेखावर तिचं नाव आपल्या आधी घातलं होतं. “हे बघ. टक आहे, मान्य. टक असूनही चढण खरी असू शकते.”

“असू शकते.”

“मग?”

“नसूही शकते.”

“म्हणून तर म्हणतो, घाई नको. स्पीकर बदलू, नवे लोक घेऊ, शांतपणे तपासू. खोटी निघाली तर मी स्वतः लेख मागे घेईन. पण हे उद्या नाही होणार. उद्या तू आहे ते सांग. तुझी जागा पक्की होऊ दे, मग तू आणि मी बसू.”

“आहे ते म्हणजे कुठलं, सर?”

सरांनी चष्मा पुसला. “माझ्याकडे तुला ठेवायला पुढे जागा नाही, तुला माहीत आहे,” ते म्हणाले. हे धमकावणं नव्हतं. तेवढं असतं तरी तिला चिडता आलं असतं.

+

सिंकमध्ये ताईचं डोकं. धाकटी जेल काढत होती. जेल केसांत वाळलं की खवले पडतात, बोटांनी मोडून काढावे लागतात.

“उद्या कोणी विचारेल का, टक होतो का म्हणून?” ताईचा आवाज सिंकमधून घुमून आला.

“कसं विचारतील? कोणालाच माहीत नाही.”

“मग झालं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. अशिलाला मी पहिल्याच भेटीत सांगते हे.”

“सर तेच म्हणाले. जरा बऱ्या भाषेत.”

“सर शहाणे आहेत. पाणी गार आहे.”

“गरम येत नाही इथे.”

धाकटीने तळहातावर शाम्पू घेतला. मग ताई म्हणाली, “कुठे जाशील?”

“म्हणजे?”

“नाही मिळाली तर. चौथं गाव कुठलं?”

“माहीत नाही.”

“आईला काय सांगायचं?”

“शिकतेय म्हणून.”

ताई हसली, आणि फेस तिच्या तोंडात गेला. थुंकून म्हणाली, “मी बोलायला नको होतं ना आत?”

“बोलू नका म्हणून सांगितलेलं असतं सगळ्यांना.”

“मला जमत नाही गं.”

“माहीत आहे. वाक अजून.” धाकटीने कपाळावर हात आडवा धरला, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. हाताखाली ताईचं कपाळ गरम होतं. मग तिने हीटरवरचा टॉवेल उचलला. तो अजून ओलाच होता.

जोडे घेतले. काळे, साधे, थोडे चावणारे. चावतात ते पहिल्या दिवशीच, दुकानदार म्हणाला. आणि मुलाखत पहिल्याच दिवशी होती, हे त्याला कुठे माहीत.

+

सकाळी वरच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये ताई खुर्चीवर आणि धाकटी उभी. बसवेनाच. इकडून तिकडे, तिकडून इकडे. नवे जोडे फरशीवर वाजत होते.

“बस जरा. नवे जोडे झिजतील.” ताईने तिची बॅग उचलून बाजूला सरकवायला घेतली आणि तिचा हात खाली गेला. “काय भरलंयस एवढं? दगड?”

“स्पीकर.”

ताईने बॅगेची चेन थोडी उघडून पाहिली. बंद केली. वकिलाचा चेहरा करून म्हणाली, “कोर्टात असलं काही करायचं असेल तर आधी वकिलाला विचारतात.”

“विचारत नाहीये. सांगतेय.”

“रात्रभर मी जो सल्ला दिला—”

“ऐकला.”

“ऐकला म्हणे.” ताईने तिच्या खांद्यावरचा एक केस उचलून टाकला. कॉलर सारखी होती तरी ओढून सारखी केली. “आत जास्त बोलू नकोस,” म्हणाली. आणि दार उघडून कोणीतरी धाकटीला आत बोलावलं.

आत लांब टेबल. पलीकडे चौघं, तीन पुरुष आणि टोकाला एक बाई, जी पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती. सर कोपऱ्यात, निरीक्षक म्हणून, मत द्यायचा अधिकार नसलेले. धाकटीने पहिली स्लाइड लावली: टोपी घातलेली ताई, तोंड उघडं.

“हा फोटो कालचा आहे,” ती म्हणाली. “लेख त्याच्या आधीचा आहे. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच काम आहे आणि ते चुकलेलं असण्याची मोठी शक्यता आहे. कुठे चुकलं असेल ते मी दाखवू शकते. कसं तपासायचं तेही. पण आधी एक मिनिट लागेल.”

तिने स्पीकर टेबलावर ठेवला, लॅपटॉपला जोडला. कोपऱ्यात सरांनी चष्मा काढला. पुढची स्लाइड नव्हतीच. पडद्यावर करडी पाटी आणि मधे अधिकचं चिन्ह.

“नजर इथे ठेवा. हलू नका, बोलू नका. बीप वाजली की बोट वर करायचं.”

“वेळ लागेल?” मधल्या गृहस्थांनी विचारलं.

धाकटीच्या जिभेवर थोडाच वेळ हे शब्द आले होते. “हो,” ती म्हणाली. “बराच वाटेल.”

खोली थांबली. कोणाची तरी खुर्ची करकरली. मधल्या गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं आणि अपराधी होऊन पुन्हा चिन्हाकडे पाहिलं. दाराच्या काचेवर बाहेरून ताईची सावली. जोडे चावत होते. धाकटीचा गुडघा टेबलाआड हलत नव्हता, तिला ते आत्ता जाणवलं.

टोकाच्या बाईच्या हातातलं टोपण थांबलं. तिने मान वळवून स्पीकरकडे पाहिलं, आणि तिचं बोट उचललं गेलं.

मग बीप वाजली.

+

पहिल्या सहा जणांनी बीप ऐकली होती ती जुन्या, खरखर करणाऱ्या, कधी न झोपणाऱ्या स्पीकरवर. त्यांच्या आलेखांत चढण नव्हती. सराव म्हणून धाकटीने ते बाजूला काढले होते.